दाढ काढण्यापूर्वीची मात्रा

हृदयात कृत्रिम झडप बसविलेला मनुष्य दाढ काढून घेण्यास निघाला, की त्याचा हृदयरोगतज्ज्ञ त्याला एक सूचना देतो: दंतवैद्याच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सुला एकाच वेळी घ्याव्यात, आणि तेवढ्यावरच थांबावे. सकाळी, दुपारी व रात्री अशा क्रमाने पाच दिवस औषध घेण्याचा ज्यांना परिपाठ आहे, त्यांना ही सूचना चमत्कारिक वाटते. दाढ दुखते जबड्यात. तिचा हृदयाशी संबंध काय, असेल तर एकदम २ ग्रॅम औषध कशासाठी, आणि एवढे औषध पोटात घातल्यावर दुसऱ्या दिवशी एक कॅप्सूलही का नको, असे प्रश्न रुग्णाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात वैद्यकशास्त्राचे एक शतक खर्ची पडले. त्या काळात शास्त्राने आपला निर्णय वारंवार बदलला, एकदा सढळ हाताने वाटलेले औषध पुढे हात आखडून देऊ केले, एका देशाने तर ते जवळजवळ रद्दबातल ठरविले. आणि अजूनही ह्या खटल्याचा निकाल सर्व देशांत एकसारखा लागलेला नाही.

प्रथम दाताच्या जागेचा विचार केला पाहिजे. आपल्या शरीरावर त्वचेचे व अंतस्त्वचेचे जे अखंड आवरण आहे, ते भेदून हाडात रुतलेला एक कठीण अवयव उघड्यावर येतो, असे स्थान म्हणजे दात. हिरडी दाताला वेढून बसते खरी, परंतु दोहोंच्या मध्ये एक अरुंद खोबण राहतेच, आणि निरोगी तोंडात एकदोन मिलिमीटर असणारी ही खोबण हिरड्या सुजल्यावर कितीतरी खोल होते. दातावर साठणाऱ्या चिकट थरात असंख्य जंतू वस्तीस असतात; सुजलेल्या हिरडीचे अस्तर झिजून ठिकठिकाणी व्रण पडलेले असतात, आणि त्यामागे रक्ताने भरलेल्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. अशा स्थितीत दंतवैद्य चिमट्यात दाढ धरून ती मागेपुढे हलवू लागतो, तेव्हा प्रत्येक हालचालीबरोबर खोबणीतील जंतू त्या उघड्या वाहिन्यांत ढकलले जातात आणि मिनिटभराच्या आत हृदयातून फिरून सर्व देहात पोहोचतात. निरोगी माणसाच्या बाबतीत ही स्वारी अल्पायुषी ठरते. यकृत, प्लीहा आणि रक्तातील संरक्षक पेशी त्यांचा बंदोबस्त करतात, आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात रक्त पूर्ववत निर्जंतुक होते.

परंतु ज्याच्या हृदयाची झडप आधीच विद्रूप झालेली आहे, त्याची गोष्ट निराळी. अरुंद अथवा गळक्या झडपेतून रक्त वेगाने उसळत जाते, त्या आघाताने तिचे गुळगुळीत अस्तर खरवडले जाते, आणि त्या खरखरीत जागेवर रक्तबिंबिका व फायब्रिनचे तंतू जमून एक लहानसा, अद्याप जंतुरहित असा थर तयार होतो. तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस वर्गातील काही जंतूंच्या अंगी चिकटून राहण्याची शक्ती विलक्षण असते. दातांना धरून राहण्यास जी सामग्री त्यांना उपयोगी पडते, तीच त्यांना ह्या थरावर ठाण मांडण्यासही उपयोगी पडते. एकदा ते तेथे चिकटले, की त्यांच्यावर फायब्रिनचा दुसरा थर चढतो, त्यात ते वाढतात, पुन्हा थर चढतो, आणि असा एक गोळा झडपेवर लोंबू लागतो. त्या गोळ्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींना आतपर्यंत पोहोचण्यास वाटच राहत नाही. ह्याचे तुकडे सुटून मेंदूत गेले तर पक्षाघात होतो, मूत्रपिंडात गेले तर तेथे इजा होते. झडप फाटली तर हृदय थकते. ह्या रोगाला डॉक्टर एन्डोकार्डायटिस म्हणतात. तो गाजावाजा करून येत नाही, ही त्यातील सर्वांत वाईट गोष्ट. संध्याकाळची बारीक कणकण, घाम, अरुची, वजनातील घट, ह्यांतच अनेक आठवडे निघून जातात.

पेनिसिलिनच्या पूर्वी ह्या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूचे फर्मानच होते. विल्यम ऑस्लर ह्या विख्यात वैद्याने १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे ह्याच विषयावर व्याख्याने देऊन विखुरलेली माहिती एका सूत्रात गोवली, तेव्हाही उपायाच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. संगीतकार गुस्टाव्ह मालर ह्याच्या झडपेत दोष असल्याचे १९०७ मध्ये उघडकीस आले होते. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये तो तापाने पडला, इमॅन्युएल लिबमन ह्या तज्ज्ञाच्या सहकाऱ्याने त्याच्या दंडातून रक्त घेऊन ते उबदार पेटीत वाढविले, काही दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकॉकस उगवला, आणि १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचा अंत झाला. त्याच्या जंतूंनी हृदयात कोठून प्रवेश केला हे सांगणे शक्य नाही. परंतु निदानाची पद्धती इतकी नेमकी झालेली असताना उपचाराचे पारडे किती रिते होते, ह्याचा हा करुण दाखला आहे.

तोंडातील जंतूंवर संशय त्याच सुमारास बळावला होता. लंडनच्या टॉमस हॉर्डर ह्यांनी १९०९ मध्ये दीडशे रुग्णांचा आढावा घेऊन त्यांच्यापासून मिळालेले जंतू व मुखातील जंतू ह्यांचे साम्य दाखविले. पण संशय आणि पुरावा ह्यांतील अंतर तोडण्याचे काम १९३५ मध्ये ओकेल आणि एलियट ह्या दोघांनी केले. त्यांनी १३८ रुग्णांचे दात काढल्यानंतर लगेच रक्त घेतले आणि त्यांतील ६१ टक्के नमुन्यांत स्ट्रेप्टोकॉकस सापडल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. हिरड्या जितक्या रोगग्रस्त, तितके हे प्रमाण अधिक होते. आणि, माझ्या मते ह्या निबंधातील सर्वांत महत्त्वाची नोंद ही की, ज्यांच्या हिरड्या फारच बिघडल्या होत्या अशा काही जणांच्या रक्तात दाताला हात लावण्यापूर्वीच जंतू मिळाले. पुढील पन्नास वर्षे वैद्यकाने पहिला आकडा कंठस्थ केला, दुसरी नोंद मात्र दफ्तरात पडून राहिली.

ह्या काळातील एका अतिरेकाचा उल्लेख टाळता येत नाही. विल्यम हंटर ह्या ब्रिटिश वैद्याने १९१० मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात मुखातील पूयसंसर्गावर कडक शब्दांत भाषण केले आणि त्यातून असा एक समज पसरला, की संधिवातापासून मनोविकारापर्यंत शरीरातील वाटेल त्या दुखण्याचे मूळ दातांच्या बुडाशी लपलेल्या पुवात असते. त्या समजापायी अमेरिकेत व इंग्लंडात असंख्य माणसांचे धडधाकट दात उपटले गेले. न्यू जर्सीतील ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयात तर वेड बरे करण्यासाठी सरसकट दात काढण्याची मजल गाठली गेली. दातांतील जंतू दूरच्या अवयवाला इजा करू शकतात, हे विधान खरे होते. ते किती वेळा करतात आणि कोणाला करतात, हे मोजण्याचे कष्ट घेतले गेले नाहीत. प्रतिबंधक औषधाच्या पुढील इतिहासातही हाच दोष, सौम्य रूपाने का होईना, पुन्हा उतरला असे मला वाटते.

१९४४ मध्ये लिओ लोव ह्यांनी ब्रुकलिनमध्ये मोठ्या मात्रेतील पेनिसिलिनने ह्या रोगाचे रुग्ण बरे केल्याचे जाहीर केले आणि असाध्य रोगांच्या यादीतून एक नाव कमी झाले. जे औषध झडपेत रुजलेले जंतू मारते, ते जंतू रुजण्यापूर्वीच रक्तात हजर ठेवले तर रोग होणारच नाही, हा विचार त्यापाठोपाठ सुचणे अपरिहार्य होते. १९५५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्याला अधिकृत मंजुरी दिली. संधिज्वराने अथवा जन्मजात दोषाने ज्यांचे हृदय बिघडले आहे अशांना दाताच्या शस्त्रक्रियेपूर्वी अर्धा तास ६ लाख युनिट साधे व ६ लाख युनिट प्रोकेन पेनिसिलिन स्नायूत टोचावे, अशी ती शिफारस होती. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साह्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन आपल्याकडेही परदेशी वस्तू राहिले नाही, हा योगायोग मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुढे मात्रेचे कोष्टक सतत बदलत राहिले. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत औषध देण्याची तजवीज करण्यात आली; नंतरच्या अनुभवाने ध्यानात आले, की कित्येक दिवस आधीपासून औषध दिल्याने तोंडात नेमके त्या औषधाला न जुमानणारे जंतूच शिल्लक उरतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तेच रक्तात शिरतात. १९९० मध्ये ३ ग्रॅम अमॉक्सिसिलिन आधी व दीड ग्रॅम सहा तासांनी असा क्रम ठरला, आणि १९९७ मध्ये तो २ ग्रॅमच्या एकाच मात्रेवर आला. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्या संकोचात आहे. जंतू रक्तात शिरण्याची वेळ आपणांस मिनिटापर्यंत ठाऊक असते, तेव्हा औषधाने आपले सर्व बळ त्या वेळी दाखवावे एवढीच अपेक्षा असते. २ ग्रॅमची मात्रा रक्तातील औषधाचे प्रमाण कित्येक तास पुरेसे उंच ठेवते, त्यामुळे रक्तातील जंतूंचीच नव्हे, तर झडपेवर नुकत्याच टेकलेल्या जंतूंचीही वाढ रोखली जाते. त्यापुढील प्रत्येक कॅप्सूल संरक्षणात काही भर घालीत नाही, केवळ प्रतिरोधी जंतूंची निपज करते.

तथापि एक मूलभूत उणीव आरंभापासून होती. हे औषध खरोखर रोग टाळते काय, ह्याची यदृच्छेने निवडलेल्या दोन गटांत तुलना करून कोणीही परीक्षा घेतली नव्हती. रोग इतका विरळ आहे, की अशा परीक्षेसाठी हजारो नव्हे तर कित्येक दहा हजार रुग्ण लागतील, आणि औषध न मिळालेल्या गटातील माणसांच्या जिवाची जबाबदारी घेण्यास कोणी धजत नाही. वॉरन गुंथरॉथ ह्यांनी १९८४ मध्ये एक साधा हिशेब मांडला: दात काढल्याने रक्तात जंतू राहतात ते थोडाच वेळ, परंतु त्याच माणसाच्या चावण्याने व दात घासण्याने महिन्याभरात एकूण ५,३७० मिनिटे रक्तात जंतू वावरतात. हा अंदाज होता. त्याला प्रत्यक्ष मोजणीचा आधार २००८ मध्ये पीटर लॉकहार्ट ह्यांनी दिला. अमेरिकेतील शार्लट शहरी त्यांनी २९० माणसांचे तीन गट करून वेळोवेळी रक्त तपासले. औषधाविना दात काढलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या रक्तात जंतू आढळले, अमॉक्सिसिलिन घेऊन दात काढलेल्यांत ३३ टक्क्यांच्या, आणि दात न काढता नुसते ब्रशने घासलेल्यांत २३ टक्क्यांच्या. औषध निरुपयोगी नाही, हे ह्यावरून उघड होते. परंतु दात काढण्याचा प्रसंग वर्षादोन वर्षांतून एखादा आणि घासण्याचा रोज दोनदा, हे लक्षात घेता धोक्याचा खरा साठा कोठे आहे, हेही तितकेच उघड होते.

२००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपल्या जुन्या धोरणाची फेरतपासणी केली. दंतोपचारामुळे हा रोग होण्याचा धोका सामान्य माणसाच्या बाबतीत सुमारे १ कोटी ४० लाख उपचारांत एक, कृत्रिम झडप असलेल्याच्या बाबतीत १ लाख १४ हजारांत एक, आणि पूर्वी एकदा हा रोग होऊन गेलेल्याच्या बाबतीत ९५ हजारांत एक, असे अंदाज तिने पुढे ठेवले. एवढ्या अल्प धोक्यासाठी लक्षावधींना औषध देणे उचित नाही, ज्यांना रोग झाला तर गंभीर परिणामांचा धोका सर्वाधिक अशांनाच ते द्यावे, असा तिने निर्णय केला. कृत्रिम झडप वा झडपेच्या दुरुस्तीत घातलेली कृत्रिम वस्तू, पूर्वीचा एन्डोकार्डायटिस, अंग निळे पडणारे काही जन्मजात हृद्दोष, आणि हृदयाचे प्रत्यारोपण होऊन झडप बिघडलेले रुग्ण, एवढ्यांनाच त्या यादीत स्थान राहिले. उपचारांतही निवड झाली. हिरडीला, दाताच्या मुळाच्या टोकाला वा तोंडाच्या अस्तराला छेद अथवा इजा होईल अशाच कामासाठी औषध. क्ष-किरण चित्र, कवळीचे माप, निरोगी जागेतील भुलीचे इंजेक्शन, मुलांचे दुधाचे दात आपोआप पडणे, ह्यांसाठी नाही.

इंग्लंड आणखी पुढे गेले. तेथील नाइस ह्या सरकारी संस्थेने मार्च २००८ मध्ये कोणालाच हे औषध देऊ नये असा हुकूम काढला. पाच वर्षांत दरमहा सुमारे १०,९०० असलेल्या चिठ्ठ्या २,२३६ वर आल्या; आणि २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखविले, की मार्च २०१३ पर्यंत पूर्वीच्या कलावरून अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा दरमहा ३५ रुग्ण अधिक आढळत होते. एक घटना दुसरीनंतर घडली म्हणून ती तिच्यामुळेच घडली असे ठरत नाही, आणि कमी धोक्याच्या माणसांतही ही वाढ दिसली, हे नमूद करणे न्यायाचे आहे. स्वीडनने २०१२ मध्ये अशीच शिफारस मागे घेतली, तेथे मौखिक स्ट्रेप्टोकॉकसच्या रोगात वाढ दिसली नाही. नाइसने २०१६ मध्ये आपल्या वाक्यात 'सरसकट' ह्या अर्थाचा एक शब्द घालून डॉक्टर व रुग्ण ह्यांच्या विचारविनिमयास जागा करून दिली. त्यानंतर २०२२ मध्ये मार्टिन थॉर्नहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे ८० लाख विमाधारकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अतिधोक्याच्या रुग्णांत दात काढणे व जबड्याची शस्त्रक्रिया ह्यांच्यानंतरच्या काही आठवड्यांत रोगाचे प्रमाण वाढते आणि आधी औषध घेतलेल्यांत ते लक्षणीयरीत्या कमी असते, असे दिसून आले. हाही यदृच्छेच्या कसोटीचा पुरावा नव्हे. परंतु आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांत मला तो सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्यामुळे अतिधोक्याच्या थोड्यांसाठी ही एक मात्रा सोडू नये असे माझे मत आहे.

आता आपल्या देशाचा प्रश्न. २००७ च्या यादीतून संधिज्वराने झडप बिघडलेले रुग्ण वगळले गेले. ज्या देशात संधिज्वर जवळजवळ नामशेष झाला आहे तेथे त्या वगळण्याने फारसा फरक पडत नाही. भारतात मात्र बालपणीच्या घशाच्या दुखण्यातून निघणारा हा ज्वर आजही तरुण माणसांच्या झडपा बिघडवितो, आणि सरकारी रुग्णालयांच्या हृदयविभागात झडपेच्या दोषाचे म्हणून येणाऱ्यांत त्याचे बळी ठळकपणे दिसतात. त्याच अमेरिकन अंदाजांत अशा रुग्णांचा धोका १ लाख ४२ हजारांत एक असा दिला आहे, म्हणजे कृत्रिम झडपवाल्यांच्या धोक्यापासून तो फार दूर नाही. त्यांना वगळले ते रोग झाल्यावर त्यांचे हाल तुलनेने कमी होतात ह्या कारणाने. परंतु शस्त्रक्रियेची सोय आणि तिचा खर्च ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांच्या बाबतीत हे कारण कितपत टिकेल? न्यूझीलंडने संधिज्वराच्या रुग्णांना यादीत ठेवले, ऑस्ट्रेलियाने तेथील आदिवासी जनतेपुरते ठेवले. परक्या देशाचा नियम जसाच्या तसा उचलण्यापेक्षा ह्या दोन देशांप्रमाणे आपल्या माणसांची परिस्थिती पाहून तो ठरविणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. ह्याच रुग्णांविषयी आणखी एक बाब दंतवैद्याच्या कानावर घातली पाहिजे. त्यांच्यापैकी पुष्कळ जण संधिज्वर उलटू नये म्हणून दर तीनचार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत असतात. त्यांच्या तोंडातील जंतू त्या औषधाला सरावलेले असण्याचा संभव असल्याने त्यांना त्याच वर्गातील अमॉक्सिसिलिनऐवजी निराळ्या वर्गातील औषध द्यावे लागते. पेनिसिलिनचे वावडे असणाऱ्यांसाठीही अझिथ्रोमायसिन अथवा डॉक्सिसायक्लिनसारखे पर्याय आहेत. पूर्वी ह्या कामी दिले जाणारे क्लिंडामायसिन मात्र आतड्यांच्या घातक दाहामुळे २०२१ पासून शिफारशीतून गेले.

दुसऱ्या बाजूने, ज्यांना ह्या औषधाची काहीही आवश्यकता नाही अशा निरोगी माणसांना दात काढल्यावर पाच दिवसांचा जंतुनाशकांचा रतीब लावण्याचा शिरस्ता आपल्याकडे फार बोकाळला आहे, आणि गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनाही केवळ धास्तीपोटी ते दिले जाते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्येच कृत्रिम सांध्यासाठी ह्या औषधाची सर्वसाधारणपणे गरज नाही असे स्पष्ट केले आहे. अनावश्यक औषधाने प्रतिरोधी झालेले जंतू एका माणसाच्या तोंडात राहत नाहीत. ते घरात व गावात पसरतात, आणि ज्याला खरोखरच त्या २ ग्रॅमवर विसंबायचे आहे त्याचेच संरक्षण दुबळे करतात.

ओकेल व एलियट ह्यांची दफ्तरात पडलेली नोंद येथे पुन्हा हाती घेतली पाहिजे. हिरड्या निरोगी असतील तर दात घासताना वा चावताना रक्तात शिरणारे जंतू कमी, आणि दात काढण्याचा प्रसंगही विरळ. म्हणूनच झडपेची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जाणते हृदयशल्यविशारद रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवून किडलेल्या दाढा व पुवाची स्थाने आधी निकालात काढून घेतात. झडपेच्या रुग्णाने सहा महिन्यांनी एकदा दात तपासून स्वच्छ करून घेणे, मिश्री लावण्याची सवय सोडणे, हिरड्यांतून रक्त येऊ लागले तर ते नेहमीचेच म्हणून न सोडणे, ह्या गोष्टींना औषधाच्या दुकानात किंमत नाही, परंतु गुंथरॉथ ह्यांच्या त्या ५,३७० मिनिटांना हात घालण्याचा दुसरा मार्ग नाही. हिरड्यांतून रक्त येते म्हणून घाबरून ब्रश बाजूला ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्याने हिरड्या अधिकच सुजतात.

औषध घेण्याचे विसरलेच, तर उपचारानंतर दोन तासांच्या आत घेतले तरी चालते, अशी सवलत आहे. परंतु औषध घेतले असो वा नसो, झडपेच्या रुग्णाला दंतोपचारानंतरच्या आठवड्यांत कारण न कळणारा ताप येऊ लागला, तर त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून जंतुनाशकाच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. दोनचार गोळ्यांनी ताप काही दिवस दबतो, रक्तातील जंतू प्रयोगशाळेत उगवत नाहीत, झडपेवरचा गोळा मात्र वाढत राहतो, आणि कोणत्या जंतूवर कोणते औषध द्यावे हे ठरविण्याचा आधारच नाहीसा होतो. अशा वेळी प्रथम रुग्णालयात जाऊन, कोणतेही जंतुनाशक पोटात जाण्यापूर्वी, वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या जागांतून घेतलेले रक्ताचे तीन नमुने जंतुसंवर्धनासाठी द्यावेत, आणि आपल्या हृदयात काय दोष आहे व दाढ केव्हा काढली ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.